कोकणातून इस्रायलात

प्रस्तावना

पोटापाण्यासाठी, शिक्षणासाठी, विवाहामुळे किंवा एखाद्या आपत्तीमुळे माणसे आपला गाव सोडतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरांतही अशी एखादी कथा असते. आजोबांनी गाव कधी सोडला, नव्या गावात पहिल्यांदा घर कसे मिळाले, तेथली भाषा कशी अवगत झाली, हे सारे घरातील वडीलधारी मंडळी सांगत असतात. परंतु एखादा समाज ‘आपण आपल्या मूळ घरी परत जात आहोत’ या श्रद्धेने देश सोडतो आणि तेथे पोहोचल्यावर त्यालाच ‘तुम्ही खरोखर आमचे का?’ असे विचारले जाते, तेव्हा काय घडते? कोकणातील मराठी भाषक ज्यू समाजाने, म्हणजे बेने इस्रायल समाजाने, हा अनुभव घेतला. प्रस्तुत पाठात या समाजाच्या स्थलांतराची आणि नव्या देशात रुजण्याची हकिकत आली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• बेने इस्रायल समाजाची कोकणातील परंपरा थोडक्यात सांगू शकाल;
• स्थलांतर करणाऱ्या समाजापुढील अडचणी स्पष्ट करू शकाल;
• कायद्याने मिळणारे नागरिकत्व आणि समाजाने दिलेला आपलेपणा यांतील फरक सांगू शकाल;
• ‘-कर’ प्रत्यय लागून बनलेली आडनावे ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. शनिवार तेली

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस, समुद्रकिनाऱ्यावर नवगाव नावाचे गाव आहे. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार, फार प्राचीन काळी या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या व त्यांच्यापासून पुढे हा समाज वाढला. ही घटना नेमकी कोणत्या शतकातील, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मात्र समाजाची स्मृती त्या किनाऱ्याशी बांधलेली आहे आणि नवगाव येथे पूर्वजांचे स्मारकही उभे आहे.

कोकणात स्थिरावलेल्या या लोकांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. ज्यू धर्मात शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. त्यामुळे आसपासचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावी वस्ती केली त्या गावाचे नाव त्यांनी आडनावात घेतले. नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे कोकणातील इतर कोणत्याही कुटुंबाची वाटावीत अशीच आहेत. स्त्रिया नऊवारी नेसत. घरात, बाजारात आणि शेतावर बोलली जाणारी भाषा मराठीच होती.

दीर्घकाळ अन्य ज्यू समाजांपासून दूर राहिल्यामुळे हिब्रू भाषा व पुष्कळसे धर्मविधी त्यांच्या विस्मरणात गेले होते. तरी काही गोष्टी त्यांनी निष्ठेने जपल्या. मुलांची सुंता, शनिवारचा विसावा, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द, एवढ्या आधारावर त्यांनी आपली ओळख टिकवली. सणांना त्यांनी मराठी नावे दिली. वर्षारंभाचा सण ‘नव्याचा सण’ झाला. ज्या उपवासानंतर वालाचे बिरडे खाण्याची रीत पडली, तो ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाऊ लागला. मांस आणि गाईम्हशींचे दूध एकत्र खाणे त्यांच्या धर्मात निषिद्ध आहे, पण कोकणच्या स्वयंपाकात नारळाचे दूध असतेच. त्यामुळे धर्मही सांभाळला गेला आणि चवही.

अठराव्या शतकापासून यांतील अनेक कुटुंबे मुंबईत येऊ लागली. कोणी फौजेत दाखल झाले, कोणी सुतारकाम वा गवंडीकाम करू लागले, तर पुढील पिढ्या रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीस लागल्या. कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझीकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. बेने इस्रायल लोक प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत. मुंबईतील मशीद बंदर हे नाव याच वास्तूवरून पडले, असे सांगितले जाते. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाच्या विधींचा ग्रंथ मराठी भाषांतरासह व चित्रांसह छापला गेला. हिंदू कीर्तनकारांची कीर्तने ऐकून या समाजातील काहींनी अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचली. सारांश, हा समाज धर्माने वेगळा आणि भाषेने, वेषाने, रीतिरिवाजाने मराठी होता. या वेगळेपणासाठी कोकणात कोणी त्याचा छळ केला नाही.

पाठगत प्रश्न १

(अ) बेने इस्रायल समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव का पडले?
(आ) इतर ज्यूंपासून दूर असताना या समाजाने कोणत्या धार्मिक गोष्टी जपल्या? कोणत्याही दोन लिहा.

२. देश सोडताना

१४ मे १९४८ रोजी इस्रायल या राष्ट्राची स्थापना झाली. १९५० च्या कायद्याने जगातील प्रत्येक ज्यू व्यक्तीला तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क मिळाला. युरोपातील अनेक ज्यू हत्याकांडातून वाचून तेथे आले होते. बेने इस्रायलांची गोष्ट वेगळी होती. त्यांना भारतातून कोणी हाकलले नव्हते. ज्या पवित्र भूमीचे नाव शतकानुशतके प्रार्थनेत घेतले, तेथे जाऊन राहावे ही ओढ त्यांच्या मनात होती. इंग्रज गेल्यानंतर सरकारी नोकऱ्यांचे काय होईल, ही चिंताही काहींना होती. आधी गेलेल्या नातेवाइकांची पत्रे येत आणि मग दुसरे कुटुंब निघण्याची तयारी करी.

त्या काळी भारतात बेने इस्रायलांची संख्या सुमारे वीस हजार होती. पुढील काही दशकांत त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. कोकणातील घरे बंद झाली, काही विकली गेली. आपण परदेशी नव्हे, तर स्वगृही चाललो आहोत, अशी जाणाऱ्यांची भावना होती.

३. तंबूतील दिवस

प्रत्यक्षात समोर आले ते एक नवे, गरीब आणि युद्धातून नुकतेच बाहेर पडलेले राष्ट्र. अवघ्या काही वर्षांत तेथील लोकसंख्या दुप्पट झाली होती. राहायला घरे नव्हती. नवागतांना तंबूत किंवा पत्र्याच्या खोल्यांत ठेवले जाई. अन्नधान्य, कपडे यांवर रेशन होते. कोकणच्या पावसात वाढलेल्या माणसांच्या वाट्याला दक्षिणेकडील नेगेव वाळवंटाचा कोरडा वारा आला. बीरशेबा, दिमोना, येरुहाम, अश्दोद, लोद आणि रामले या ठिकाणी त्यांची वस्ती झाली. यांपैकी काही नगरे नव्याने वसवली जात होती. लोद व रामले ही मात्र जुनी शहरे होती. तेथील बहुतेक अरब रहिवाशांना १९४८ च्या युद्धात घरे सोडावी लागली होती. एकाला घर मिळत असताना दुसऱ्याचे गेलेले असते, ही स्थलांतराच्या इतिहासातील वेदनादायक बाजू येथेही होती.

पहिली अडचण भाषेची होती. प्रार्थनेतील हिब्रू ओळखीची असली, तरी बाजारातील आणि कचेरीतील हिब्रू परकी होती. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाला त्या भाषेत साधा अर्ज लिहिता येईना. मग त्याला रस्तेबांधणीचे, शेतातले किंवा कारखान्यातले अंगमेहनतीचे काम करावे लागे. प्रौढांसाठी ‘उलपान’ नावाचे भाषावर्ग होते. आयुष्यभर डावीकडून उजवीकडे लिहिलेल्या हाताला तेथे उजवीकडून डावीकडे लिहिणे शिकावे लागले.

दुसरी अडचण अधिक बोचरी होती. युरोपातून आलेल्यांच्या हाती बहुतेक अधिकारपदे होती. सावळ्या वर्णाच्या, मराठी बोलणाऱ्या या ज्यूंकडे काहीजण संशयाने पाहत. रंगावरून भेदभाव होतो, आपल्याला काळा पाव आणि गोऱ्यांना पांढरा पाव मिळतो, अशी तक्रार बीरशेबा येथील बेने इस्रायलांनी त्या वेळी केली. १९५१-५२ मध्ये त्यांच्यातील काहींनी धरणे धरले आणि ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ अशी मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने परत पाठवण्यातही आले. त्यांपैकी बरेचजण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. या जाण्या-येण्यात केवळ अस्थिरता पाहणे योग्य नव्हे. सोडलेले घर आता पूर्वीसारखे राहिले नव्हते आणि नवे घर अजून आपले झाले नव्हते, अशा मधल्या अवस्थेत ही माणसे सापडली होती.

पाठगत प्रश्न २

(अ) बेने इस्रायल समाजाने भारत का सोडला? दोन कारणे लिहा.
(आ) चूक की बरोबर ते सांगा : परत पाठवलेले सर्व लोक कायमचे भारतातच राहिले.

४. समान मानाचा लढा

हळूहळू घरे मिळाली, नोकऱ्या लागल्या, मुले हिब्रू शाळांतून शिकू लागली. तरुण सैन्यात भरती झाले. आता स्थैर्य आले असे वाटत असतानाच एक मूलभूत प्रश्न उभा राहिला.

इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह नोंदवण्याचा अधिकार धर्मपीठाकडे आहे. बेने इस्रायल शतकानुशतके अन्य ज्यूंपासून वेगळे राहिले. या काळात त्यांनी विवाह व घटस्फोट यांविषयीचे धर्मनियम यथायोग्य पाळले असतील काय, अशी शंका काही धर्मगुरूंनी काढली. १९६१ मध्ये धर्मपीठाने अशा विवाहांना तत्त्वतः मान्यता दिली. परंतु १९६२ मध्ये निघालेल्या सूचनांनुसार, बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह अन्य ज्यू व्यक्तीशी ठरल्यास तिच्या मातृकुळाची मागील अनेक पिढ्यांपर्यंत चौकशी करणे आवश्यक ठरले. सूचनेत या समाजाचे नाव स्पष्टपणे घातलेले होते.

याचा अर्थ काय होता? देशासाठी सैन्यात सेवा बजावणाऱ्या तरुणाला विवाहाच्या वेळी मात्र आपण ज्यू असल्याचा पुरावा द्यावा लागणार होता. तोही कसला, तर कोकणातील खेड्यांत राहून गेलेल्या पणजीच्या आणि तिच्या आईच्या कुळाचा. असे कागद कोणाजवळ असणार? शनिवारी घाणा बंद ठेवून ज्या पूर्वजांनी आपला धर्म राखला, त्यांच्याच निष्ठेवर हे प्रश्नचिन्ह होते. कोकणात ‘तुम्ही कोण?’ याचे उत्तर ‘शनिवार तेली’ या साध्या नावाने शेजाऱ्यांनीच दिले होते. स्वधर्मीयांच्या देशात मात्र ते उत्तर सिद्ध करावे लागत होते.

समाज संघटित झाला. १९६४ च्या उन्हाळ्यात ठिकठिकाणची कुटुंबे, स्त्रिया आणि मुलांसह, जेरुसलेममध्ये आली व त्यांनी धरणे धरले. वृत्तपत्रांनी आणि अनेक विचारवंतांनी त्यांची बाजू घेतली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेचे खास अधिवेशन भरले. बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी ज्यू आहेत आणि त्यांना इतरांइतकेच हक्क आहेत, असा ठराव संसदेने केला आणि भेदभावाची कारणे दूर करण्याचे आवाहन धर्मपीठाला केले. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने सूचनांतून ‘बेने इस्रायल’ हे नाव काढून टाकले.

कुळाविषयी शंका असलेल्या कोणाचीही चौकशी करण्याचा नियम कायम राहिला. एका समाजाकडे बोट दाखवणारे शब्द तेवढे गेले. तरीही हा विजय लहान नव्हता. आपल्याला वेगळी सवलत हवी, असे या समाजाने म्हटले नाही. इतरांना जो मान मिळतो तोच आपल्यालाही मिळावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. नागरिकत्व कायद्याने पहिल्याच दिवशी मिळाले होते. आपलेपणासाठी मात्र सोळा वर्षांनंतरही झगडावे लागले.

५. दोन घरांचा वारसा

आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या सुमारे पंच्याऐंशी हजार मानली जाते. त्यांत बेने इस्रायल हा सर्वांत मोठा गट आहे. तेथे गेल्यावर त्यांनी मराठी रीतिरिवाज टाकून दिले नाहीत. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ हा त्यांचा खास विधी. एलियाहू संदेष्ट्याचे स्मरण करून नवस फेडताना वा विवाहापूर्वी तो केला जातो. अलिबागजवळील खंडाळे येथे या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी समाजाची श्रद्धा आहे. इस्रायलमध्ये गेलेल्या भाविकांना हायफा येथील कार्मेल पर्वतावर एलियाहूची गुहा सापडली आणि ते तेथे मलिदा करू लागले. नव्या भूमीत त्यांनी जणू आपले खंडाळे शोधले.

नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा आजही अनेक घरांत शिजतो. विवाहाआधी मेंदीचा समारंभ होतो. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद या शहरांत भारतातून गेलेल्यांनी क्रिकेटचे संघ उभे केले. त्या देशातील क्रिकेट मुख्यतः त्यांच्यामुळे तग धरून राहिले. १९८० च्या दशकात तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक सुरू झाले. हिब्रू भाषेच्या देशात मराठीतून लिहिणारे, छापणारे आणि वाचणारे लोक होते, ही गोष्ट मराठी भाषकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. त्यानंतर कोकणात पूर्वजांचे गाव पाहण्यास येणे अधिक सोपे झाले.

तथापि काळानुसार बदल होतच असतात. तिकडे जन्मलेल्या पिढीची पहिली भाषा हिब्रू आहे. आजीशी मराठी बोलणारी नातवंडे आपसांत हिब्रू बोलतात. पुष्कळांजवळ मराठीचे काही शब्द, पदार्थांची नावे आणि एखादे आडनाव एवढेच उरले आहे. इकडे अलिबागच्या ‘इस्रायल आळी’त प्रार्थनामंदिर उभे आहे, पण आळीतील बहुतेक ज्यू कुटुंबे निघून गेली आहेत. नव्या देशात रुजताना काही जपता येते आणि काही हातून निसटते. यांपैकी काय जपायचे, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागते.

पाठगत प्रश्न ३

(अ) १९६२ च्या सूचनांवर बेने इस्रायल समाजाचा मुख्य आक्षेप कोणता होता?
(आ) मलिदा करण्यासाठी इस्रायलमधील भाविक कोठे जमू लागले?

शब्दार्थ

गलबत – शिडाचे मोठे जहाज
घाणा – तेलबिया गाळण्याचे यंत्र
सुंता – ज्यू व मुस्लीम समाजांतील मुलग्यांचा एक धार्मिक संस्कार
वल्हांडण – इजिप्तमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून पाळला जाणारा ज्यू सण
चीक – भिजवून वाटलेल्या गव्हाचे सत्त्व
मातृकूळ – आईकडील घराणे
धरणे धरणे – मागणी मान्य व्हावी म्हणून एका जागी ठाण मांडून बसणे

आशय समजून घेऊ या

या पाठात एका समाजाचे दोन प्रकारचे वेगळेपण दिसते. कोकणात तो धर्मामुळे वेगळा होता, तर इस्रायलमध्ये भाषा, वर्ण आणि रीतिरिवाज यांमुळे वेगळा ठरला. पहिल्या ठिकाणी वेगळेपण असूनही त्याला स्थान मिळाले. दुसऱ्या ठिकाणी धर्म एक असूनही स्थानासाठी लढावे लागले. यावरून लक्षात येते की, आपलेपणा केवळ समान धर्माने वा कायद्याने निर्माण होत नाही. येणाऱ्याने भाषा शिकावी, कष्ट करावेत हे जितके आवश्यक, तितकेच आधीपासून राहणाऱ्यांनी त्याला समान मानणेही आवश्यक असते. नव्या देशाशी एकनिष्ठ राहण्यासाठी जुनी भाषा व चालीरीती टाकाव्या लागत नाहीत, हेही या समाजाच्या उदाहरणावरून दिसते.

भाषाभ्यास

१. गावाच्या नावाला ‘-कर’ हा प्रत्यय लावून मराठीत आडनावे तयार होतात. ‘त्या गावचा रहिवासी’ असा त्याचा अर्थ होतो. उदा., पेण – पेणकर, रोहे – रोहेकर. माणसे गाव सोडून गेली, तरी गाव त्यांच्या नावात राहतो.

२. पुढील शब्दांतील अर्थच्छटा लक्षात घ्या.
स्थलांतर – एक ठिकाण सोडून दुसरीकडे राहण्यास जाणे.
विस्थापन – इच्छा नसताना राहते ठिकाण सोडावे लागणे.
स्थायिक होणे – एका ठिकाणी कायमचे वास्तव्य करणे.

तुम्ही काय शिकलात?

• बेने इस्रायल हा कोकणात वाढलेला, मराठी बोलणारा ज्यू समाज आहे.
• १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक श्रद्धेपोटी व उपजीविकेच्या चिंतेतून इस्रायलला गेले.
• भाषा, निवास, रोजगार आणि भेदभाव या अडचणींना त्यांना तोंड द्यावे लागले.
• १९६४ मध्ये त्यांनी शांततेच्या मार्गाने समान मान्यता मिळवली.
• नव्या देशाचे नागरिक होऊनही त्यांनी मराठी वारसा जपला.

पाठान्त प्रश्न

१. बेने इस्रायल समाजाच्या कोकणातील जीवनाचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
२. इस्रायलमध्ये गेल्यावर या समाजाला आलेल्या अडचणी लिहा.
३. ‘नागरिकत्व कायद्याने पहिल्याच दिवशी मिळाले होते, आपलेपणासाठी मात्र सोळा वर्षांनंतरही झगडावे लागले.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. टीप लिहा : (अ) मलिदा (आ) १९६४ चा लढा
५. पुढील गावांच्या नावांपासून आडनावे तयार करा : नवगाव, किहीम, चिपळूण.
६. उपक्रम : तुमच्या परिसरात दुसऱ्या प्रांतातून किंवा देशातून आलेल्या एखाद्या वयस्कर व्यक्तीला भेटा. तेथे रुजताना त्यांना कोणती अडचण आली आणि जुन्या गावाची कोणती गोष्ट त्यांनी आजही जपली आहे, हे विचारून दहा-बारा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून. (आ) सुंता, शनिवारचा विसावा, माशांविषयीचा नियम, ‘शेमा’ प्रार्थना (यांपैकी कोणत्याही दोन).
२. (अ) पवित्र भूमीची ओढ. इंग्रज गेल्यानंतर नोकरीविषयी वाटणारी चिंता. (आ) चूक.
३. (अ) केवळ आपल्याच समाजाचे नाव घालून मातृकुळाची चौकशी आवश्यक ठरवली, हा. (आ) हायफा येथील कार्मेल पर्वतावरील एलियाहूच्या गुहेपाशी.